रुमालाने धरलेली जागा

आमच्या गावाच्या मेन रोडवर वाहन उभं करायला जागा उरलेली नाही, ही गोष्ट सगळ्यांत आधी वाहन नसलेल्यांच्या लक्षात आली. त्यांत मी एक. वाचनालयातून घरी जाताना पूर्वी मी रस्त्याच्या कडेने चालत असे. पुढे कडेला मोटारसायकली लागू लागल्या, तेव्हा मी मोटारसायकलींच्या कडेने चालू लागलो. मग मोटारसायकलींच्या कडेला मोटारी लागल्या आणि मी रस्त्याच्या मधोमध आलो. तिथे समोरून येणारे लोक मला "बाबा, कडेकडेनं चाला" असं सांगू लागले. त्यांचं बरोबरच होतं. कडा कुठे आहे, एवढं विचारण्याचा धीर मात्र मला झाला नाही.

गाव वाढतं आहे, हे मान्य केलं पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांनी वाढावं असं सर्वांचंच मत आहे. आता खापरचा माणूस मोबाइलची काच बदलायला आमच्याकडे येतो, पुरुषोत्तमनगरचा माणूस दाताच्या डॉक्टरकडे येतो, आणि जो तो गाडीवर येतो. डॉक्टर वाढले, क्लास वाढले, शोरूम वाढली. रस्ता तेवढा होता तेवढाच राहिला, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत आणि दुकानं मागे सरकत नाहीत. पुढे मात्र सरकतात.

या रस्त्यावर इंदरमल शेठचं कापडाचं दुकान आहे. त्यांचे आजोबा मारवाडातून आले आणि त्यांनी इथे पांढरी गादी घातली. ती गादी अजून आहे. आजूबाजूच्या दुकानांत काचेची कपाटं आली, पुतळ्यांना साड्या नेसवण्यात आल्या, पण शेठकडे गिऱ्हाईक अजून चपला काढून गादीवर बसतं. कारण शेठचा धंदा मुख्यतः बस्त्याचा. लग्न ठरलं की घरातल्या सगळ्या बायका, आत्या, मावश्या आणि कापडातलं काही न कळणारा पण मत असलेला एक मामा, अशी मंडळी गाडी भरून येतात, मांडी घालून बसतात, चहा पितात आणि दुपार कलेपर्यंत साड्या उलगडत राहतात. शेवटी नवरीपासून देवकार्यापर्यंतचं सगळं कापड एका गठ्ठ्यात बांधलं जातं. हा बस्ता. त्याला घाई चालत नाही, आणि दारात गाडी उभी असल्याशिवाय तो होत नाही.

ब्राह्मणपुरीच्या जालमसिंग बापूंच्या घराण्याचा बस्ता तीन पिढ्यांपासून शेठकडेच बांधला जात होता. यंदा बापूंच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यांचा फोन आला.

"शेठ, आंडेरनं लगीन शे. बस्ता तुमनाकडेच बांधसूत. पण पहिले सांगा, गाडी कोठे लावानी?"

"बापू, तुम्ही फक्त या. जागा मी धरी ठेवस."

"मागला टाइमले बी तुम्ही असंच सांगं व्हतं. गाडी नदीकाठे लावी आनि आमनी म्हतारी तठून पायी उनी. आते घरना बाया सांगी ऱ्हायन्यात, सरळ सुरतले चाला. तठे गाडी लावाले तळघर शे म्हने."

शेठनी फोन ठेवला आणि गादीकडे पाहिलं. बापूंचा बस्ता सुरतला गेला तर ब्राह्मणपुरीचे सगळे बस्ते सुरतला जाणार, आणि ब्राह्मणपुरीचे गेले तर बाकीची गावं तरी कशाला थांबतात? दुकानासमोरची एक पिकअप मावेल एवढी जागा, एवढाच प्रश्न होता.

"जिनेश," ते मुलाला म्हणाले, "उद्यापासून आपली मोटार सकाळी सकाळी दुकानासमोर लाव. बापू आले की काढू. म्हणजे गिऱ्हाइकासाठी जागा राहील."

ही कल्पना इतकी सरळ होती की शेजारच्या मेडिकलवाल्याला ती न सांगता कळली. मग मिठाईवाल्याला कळली. थोड्याच दिवसांत मेन रोडवर उभं असलेलं प्रत्येक वाहन कुठल्या ना कुठल्या दुकानदाराचं होतं आणि ते केवळ ग्राहकांच्या सोयीसाठी उभं होतं. ग्राहक गाडीवर येत, जागा नाही असं पाहत आणि निघून जात. दुकानदार आपापल्या दारात उभे राहून म्हणत, "एवढ्या गाड्या लागल्यात, म्हणजे बाजारात गर्दी आहे. मग माझ्याच दुकानात कोणी का येत नाही?"

प्रकरण नगरपालिकेत गेलं. मुख्याधिकारी साहेब नवे होते, तरुण होते आणि त्यांचं मराठी फार चांगलं होतं. त्यांनी एक समिती नेमली. तीत व्यापारी घेतले, नगरसेवक घेतले आणि एक सुशिक्षित व निरुपद्रवी नागरिक हवा म्हणून मला घेतलं. मी आयुष्यात कधी कोणाला शिकवलेलं नाही, पण चष्म्यामुळे गाव मला मास्तर म्हणतं. पहिल्या बैठकीत मला असं वाटलं की दुकानदारांनी आपली वाहनं घरी ठेवावीत, असं कोणीतरी सुचवावं. दुसरं कोणीतरी सुचवेल म्हणून मी थांबलो. इतिवृत्तात 'सर्व पर्यायांवर सखोल चर्चा झाली' असं आलं.

ठरलं ते असं: विषम तारखेला रस्त्याच्या उत्तर बाजूस आणि सम तारखेला दक्षिण बाजूस वाहनं उभी करावीत. फलक लागले. नगरपालिकेच्या वीरसिंगला शिटी देण्यात आली. वीरसिंग हा अतिशय न्यायी माणूस आहे. तो सर्वांवर सारखीच शिटी वाजवतो.

महिना अखेरीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग एकतीस तारीख आली, ती विषम होती. दुसऱ्या दिवशी एक तारीख आली, तीही विषम होती. उत्तरेच्या दुकानांसमोर लागोपाठ दोन दिवस वाहनं लागली आणि दक्षिणेच्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला. अन्याय उघड होता. समितीची तातडीची बैठक झाली आणि 'वाहनतळाच्या प्रयोजनापुरती एकतीस ही संख्या सम समजण्यात यावी' असा ठराव मांडण्यात आला. एकतीस विषम आहे अशी माझी समजूत होती, परंतु ठरावाला विरोध करण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून मी बोटांवर मोजत होतो. माझं मोजून होईपर्यंत ठराव मंजूर झाला होता, तोही सर्वानुमते.

एका बाजूचं पार्किंग बंद झाल्याने दुसऱ्या बाजूच्या जागेसाठी भांडणं वाढली. लोक भल्या सकाळी येऊन जागा अडवू लागले. कोणी स्टूल ठेवी, कोणी तुळशीची कुंडी, कोणी बिघडलेला कूलर. वीरसिंग ते उचलून नेई. अशात एके दिवशी मेडिकलवाल्याने घाईत खिशातला रुमाल रस्त्यावर टाकला, वर दगड ठेवला आणि तो घरी गाडी आणायला गेला.

वीरसिंग तिथे आला, रुमालाकडे पाहून थबकला, आणि त्याने मागून येणाऱ्या मोटारवाल्याला अडवलं.

"आठे नही लावता येवाव. रुमाल शे."

"अरे, रुमालच तर आहे. उचलून टाक."

"रुमाल कसा उचलसू भाऊ?" वीरसिंग खरोखरच घाबरून म्हणाला. "कोनी टाकेल शे ना तो!"

बाहेरगावच्या वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही, म्हणून थोडा खुलासा करतो. आमच्याकडे एसटीत बसण्याची एक रीत आहे. गाडी स्टँडवर लागली की दाराशी झोंबी चालते, आणि त्याच वेळी खिडकीतून आत रुमाल टाकला जातो. ज्या बाकावर रुमाल पडला तो बाक रुमालवाल्याचा. त्यावर दुसरा कोणी बसत नाही. बाई लेकरू कडेवर घेऊन उभी राहील, म्हातारा दांडीला लोंबकळेल, पण रुमाल बसून राहील. कायदा, कोर्ट, निवडणूक यांवर आमच्याकडे वाद होतात. रुमालावर कधी झालेला नाही. वीरसिंगही इथलाच. मोटारीला शिटी मारणं त्याच्या हातात होतं, रुमाल हलवणं त्याच्या हातात नव्हतं.

ही बातमी कळताच मुख्याधिकारी साहेबांना एकदम मार्ग दिसला. "लोकांमध्ये जी शिस्त आधीच रुजलेली आहे," ते बैठकीत म्हणाले, "तिला आपण केवळ धोरणात्मक चौकट द्यायची आहे." आणि सम-विषम मोडीत काढून दोन्ही बाजूंसाठी 'सार्वजनिक वाहनतळ रुमाल धोरण' तयार झालं.

धोरण मी वाचलं आहे. त्यात चूक काढता येईल असं एकही वाक्य नाही. दुचाकीसाठी साधा हातरुमाल, चारचाकीसाठी टॉवेल आणि पिकअप वा ट्रॅक्टरसाठी लाल काठाचा बागायतदार रुमाल ग्राह्य धरला जाईल. बायकांचा छोटा रुमाल सायकलीपुरता. दगड रुमालधारकाने स्वतः आणावा. वाऱ्याने उडून गेलेल्या रुमालाबाबत नगरपालिका जबाबदार राहणार नाही. एकदा टाकलेला रुमाल धारक स्वतः उचलेपर्यंत वैध राहील, त्याच्या जागेवर फक्त त्याचंच वाहन उभं राहील, आणि हा हक्क दुसऱ्याला देता येणार नाही. रुमाल उचलल्यास ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या इसमाकडे जाईल. 'ग्राहकांची सोय हा या धोरणाचा केंद्रबिंदू आहे' हे वाक्य सर्वांत शेवटी होतं.

रुमाल टाकून जागा धरायची आणि आपलं वाहन लागलीच घरी पाठवायचं, इतकी सोय झाल्यावर गावात असा एकही कर्ता माणूस उरला नाही ज्याने रुमाल टाकला नाही. ज्यांना गाडी घ्यायची होती त्यांनी टाकला. ज्यांच्या मुलाच्या लग्नात गाडी मिळण्याची शक्यता होती त्यांनीही टाकला. आणि एवढे रुमाल घेणार कुठून? अर्थातच इंदरमल शेठच्या दुकानातून.

"पप्पा," जिनेश म्हणाला, "बस्ता हंगामापुरता असतो. रुमाल बारा महिने आहे."

"रुमाल विकायला आपले दादाजी मारवाडातून ऊन-तहान सोसत आले होते का रे?" शेठ म्हणाले. पण गिऱ्हाईक परत पाठवण्याची त्यांची रीत नव्हती. गादीवर रुमालांचे ढीग लागले. शेठ प्रत्येक रुमाल घडी घालून देत आणि देताना कळवळून विचारत, "आमच्या दुकानासमोर नाही ना टाकणार?" गिऱ्हाईक म्हणे, "नाही हो शेठ," आणि पायऱ्या उतरून तिथेच टाके. खरं तर शेठनी धोरण लागू झालं त्या पहाटेच दुकानासमोर आपला बागायतदार रुमाल अंथरला होता आणि त्यावर तापीतला एक गुळगुळीत दगड ठेवला होता. तो पिकअपपुरता होता. तो होता बापूंसाठी. दिवसातून अनेकदा ते बाहेर येऊन तो पाहून जात.

आता मेन रोड पाहण्यासारखा झाला. दोन्ही बाजूंना पांढरे, चौकड्यांचे, लाल काठाचे रुमाल ओळीने आणि मध्ये स्वच्छ मोकळा रस्ता. वाहन एकही नाही. जागा सगळी भरलेली असल्यामुळे कोणी वाहन घेऊन येतच नव्हतं. मला वाटलं, आता तरी कडेने चालता येईल. पण वीरसिंगने शिटी मारली. "मास्तर, रुमालवर पाय पडी ना!" मी पुन्हा रस्त्याच्या मधोमध आलो. फरक एवढाच की समोरून मला बाजूला व्हा म्हणणारंही कोणी येत नव्हतं.

नगरपालिकेने पाहणी केली. उपलब्ध जागेचा वापर शंभर टक्के, वाहतूक कोंडी शून्य. असे आकडे कुठल्याच गावाचे नव्हते. कोंडीमुक्त बाजारपेठेच्या पुरस्कारासाठी गावाचं नाव गेलं आणि पाहणी पथकाची तारीख आली. नेमक्या त्याच तारखेला जालमसिंग बापूंचा बस्ता होता. बस्त्याचा दिवस भटजींनी काढलेला, तो बदलता येत नव्हता. पथकाचा दिवस मंत्रालयातून निघालेला. तो बदलता येतो की नाही हे विचारायचं कोणाकडे, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी शेठ नवं धोतर नेसून दुकानाच्या पायरीवर उभे होते. आत गादी झटकलेली, चहाचं सांगून ठेवलेलं. पथक नगरपालिकेत नाश्ता करत होतं. समितीचे सदस्य म्हणून आम्हाला बिल्ले लावून चौकात उभं केलं होतं. इतक्यात बापूंची पिकअप आली. मागे सतरंजीवर बायका, मधोमध बापूंच्या पत्नी तुळशीबाई, त्यांना बिलगून नवरी मुलगी, कडेला मामा, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी फेटा बांधलेले बापू.

"या बापू, या! ही काय जागा!" शेठ दोन्ही हात पसरून म्हणाले. पिकअप वळली. वीरसिंगने शिटी मारली.

"गाडी कोनी?"

"मन्ही," बापू म्हणाले.

"आनि रुमाल?"

"माझा आहे," शेठ म्हणाले. "यांच्यासाठीच टाकलाय."

"मंग नही चालाव शेठ. तुमना रुमालवर तुमनीच गाडी."

"बरं, मी माझा उचलतो. बापू त्यांचा टाकतील."

"तुम्ही उचला की जागा यादीवाल्यानी. यादीमा पुढे मिठाईवाला शे. तो दखी ऱ्हायना दखा." मिठाईवाला खरोखरच दारात उभा राहून दगड हातात घेऊन पाहत होता.

बापू खाली उतरले. त्यांनी खांद्यावरचा लाल काठाचा रुमाल काढून वीरसिंगसमोर झटकला. "हाऊ काय शे मंग? रुमाल नही का? आमना बापनी रुमाल खांदावर टाका आनि उभी जिंदगी काढी, त्याले कोनी जागा नही इचारी!"

"बापू, रुमाल झकास शे," वीरसिंग हात जोडून म्हणाला. "पन टाकाले जागा कोठे शे? आनि गाडी हालती ठेवा हो, उभी ऱ्हायनी की माले शिटी मारनी पडस. आज वरना साहेब येल शेत."

पिकअप हलली. चौकाला वळसा घालून परत दुकानासमोर आली, तोवर शेठ उन्हात तसेच उभे होते. वीरसिंगने शिटी मारली. पिकअप पुन्हा वळसा घालायला गेली. तिसऱ्या फेरीला तुळशीबाईंचा आवाज आला, "ओ शेठ, दुकान दखाडाले बलायं का गाव दखाडाले?"

मुख्याधिकारी साहेब पथकाला घेऊन चौकात आले ते याच वेळी. शेठ त्यांच्याकडे धावले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, धोरणाची प्रत चाळली आणि म्हणाले, "हे पाहा, धोरण उभ्या वाहनांपुरतं आहे. चालत्या वाहनात काय करावं आणि काय करू नये, याबाबत धोरण मौन बाळगून आहे."

शेठनी क्षणभर विचार केला. मग ते वळून ओरडले, "जिनेश! शालू घे! नऊवारीचा गठ्ठा घे! गादीवरची चादरसुद्धा घे!"

त्यानंतर जे झालं ते आमच्या गावाने आधी पाहिलेलं नव्हतं. पिकअप वळसा घालून आली की जिनेश पळत पळत एक गठ्ठा आत टाकी. पुढच्या फेरीला शेठना मामांनी हात धरून वर ओढलं. त्यांनी सतरंजीवर पांढरी चादर अंथरली, मांडी घातली आणि साड्या उलगडायला सुरुवात केली. चालत्या पिकअपमागे दोन हात लांब पदर उडू लागले.

"वहिनी, हा रंग बघा, मोरपंखी."

"शेठ, मी रंग दखू की आंडेरले धरू? गाडी वळनी की मोरपंखीना अंजिरी दिखस!"

"मन्हं मत असं शे," मामा म्हणाले, आणि पिकअप खड्ड्यात गेली, म्हणून त्यांचं मत कळलं नाही.

"हे काय आहे?" पथकाच्या प्रमुखांनी विचारलं.

"फिरतं विक्री केंद्र," साहेब म्हणाले. प्रमुखांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

पिकअप माझ्यासमोरून गेली तेव्हा शेठ कळवळून ओरडले, "मास्तर, तुम्ही समितीवर आहात! सांगा ना काहीतरी!" मी बोट वर केलं. वाक्याची जुळवाजुळव करत होतो, तोवर पिकअप पुढे गेली. पुढच्या फेरीला मी तयार होतो. पण पुढची फेरी झालीच नाही.

झालं असं की तुळशीबाईंना चक्कर आली. "बस करा आते," त्या म्हणाल्या. "माले गरगरी ऱ्हायनं. चौकमाईन सरळ काढ रे गाडी." आमच्या चौकातून एक रस्ता सुरतकडे जातो आणि एक ब्राह्मणपुरीकडे. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवून मागे पाहिलं. शेठच्या हातात उलगडलेला शालू होता, घडी घालायचंही त्यांना भान नव्हतं. मग तुळशीबाईंनी शेठच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सुरत ऱ्हाऊ द्या. घर चाला. शेठ, तुम्ही बी चाला. आमना आंगनमा जागाच जागा शे."

बापूंच्या अंगणात खरोखरच जागाच जागा होती. निंबाखाली पांढरी चादर घातली गेली, चहा झाला, दुपार कलली, आणि बस्ता बांधला गेला. भिंतीपलीकडून पाहणाऱ्या शेजारणी आत आल्या आणि त्यांनीही चार साड्या काढून ठेवल्या. शेठ परतले ते बापूंच्या ट्रॅक्टरवर बसून आणि हसत. त्या आठवड्यातच त्यांनी एक टेम्पो घेतला, त्यात गादी घातली आणि गावोगाव बस्ते बांधायला जाऊ लागले.

ही कल्पनाही सरळ होती, म्हणून ती बाकीच्यांना न सांगता कळली. मोबाइलवाला खापरच्या बाजाराला बसू लागला. मिठाईवाला पुरुषोत्तमनगरच्या फाट्यावर गेला. दाताच्या डॉक्टरांनी खुर्ची व्हॅनमध्ये बसवली. मेन रोडवरची शटर एकेक करून खाली आली. पुरस्कार मिळाला, तो नगरपालिकेच्या जिन्यात लावला आहे. मुख्याधिकारी साहेबांना बढती मिळून ते मोठ्या शहरात गेले. तिथेही वाहनतळाचा प्रश्न आहे म्हणतात.

आता आमच्या गावात भर बाजारात गाडी लावायला हवी तितकी जागा आहे. फक्त तिथे रुमाल आहेत, आणि बाजार नाही. नगरपालिकेने दवंडी दिली की ज्यांचे रुमाल असतील त्यांनी ते उचलून न्यावेत. कोणी आलं नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, "माझा कुठला? माझ्या शेजारच्याचा असेल." मात्र कोणी झाडू घेऊन जवळ गेलं की तोच माणूस कुठून तरी धावत येतो. वीरसिंग अजून तिथेच असतो. वाहन येत नाही, म्हणून तो कधीमधी बकऱ्यांना शिटी मारतो.

परवा शेठ दुकान उघडून कापड टेम्पोत भरत होते. जिनेश म्हणाला, "पप्पा, आपला रुमाल तरी उचला. ऊन-पावसात विरून गेलाय."

"राहू दे," शेठ म्हणाले. त्यांनी वाकून दगड नीट सरकवला. "बापूंच्या नातीचा बस्ता कधी इथे बांधायचा झाला, तर ऐनवेळी जागा कुठून आणू?"

ब्राह्मणपुरीची बातमी आहे ती अशी. बापूंच्या अंगणात आता रोज इतके व्यापारी टेम्पो घेऊन येतात की घरचा ट्रॅक्टर लावायला जागा राहत नाही. म्हणून बापूंनी गेल्या आठवड्यात निंबाखाली खांद्यावरचा रुमाल टाकून ठेवला आणि त्यावर एक दगड ठेवला.

काल वाचनालयात खुर्चीवरचा माझा मफलर उचलून मी पेपर वाचला आणि मफलर परत तिथेच ठेवून संध्याकाळी मेन रोडने घरी निघालो. ते रुमाल जरा जवळून पाहावेत असं वाटलं. ते सगळे काही आमच्या गावचे नाहीत. काहींवर बाहेरगावच्या दुकानांची नावं आहेत, काहींच्या कोपऱ्यात दोऱ्याने प्रेमाने काढलेली अक्षरं आहेत, आणि एक तर चांगला इस्त्रीचा, वाचणाऱ्या माणसाच्या खिशात असावा तसा आहे. तो तुमचाच आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या कुठल्याच गोष्टीची मला खात्री नसते. तुम्ही आमच्या गावावर हसलात, तेही ठीकच. हसून डोळ्यांत पाणी आलं असेल, तर ते पुसायला एकदा खिशात हात घालून पाहा.